मरुभूमीतील पांथस्थगृह आणि टाक्याचा हिशेब

वाळवंटात प्रवाशांसाठी एखादे घर उभारावे, त्यास ना विजेची तार जोडलेली असावी ना नळाची वाहिनी, आणि तरीही आल्यागेल्यास तेथे सुखाने दोन रात्री काढता याव्यात, ही कल्पना अलीकडे पुष्कळांच्या मनात घोळू लागली आहे. कल्पना रम्य आहे यात संशय नाही. परंतु या विषयावरील जे लिखाण अनुवादकाच्या मेजावर येते, त्यातील बहुतेक लिखाणाचा आरंभ सौरपट्टांपासून होतो आणि शेवट विद्युत्घटांपाशी. पाण्याचा उल्लेख मध्येच कोठे तरी, ‘पाण्याची सोय करावी’ अशा चार शब्दांत उरकलेला असतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आणि तो उलटा राहिला तर अशी घरे प्रवाशांस सुखावह होतील, पण ज्या गावांच्या शेजारी ती उभी राहतील त्या गावांस जड जातील.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे, कारण येथे शब्दातच अर्धा घोटाळा आहे. अशा घरास इंग्रजीत ‘ऑफ-ग्रिड’ म्हणतात. मराठीत त्यास ‘स्वयंपूर्ण’ म्हणण्याचा प्रघात पडू पाहत आहे. मला तो मान्य नाही. सौरपट्ट दूरच्या कारखान्यातून येतो, विद्युत्घट परदेशातून येतो, पीठ, मीठ आणि डाळ तालुक्याच्या बाजारातून येते. मग हे घर पूर्ण कसले? ‘जाळ्याबाहेरचे’ हा शब्दशः पर्याय तर अधिकच फसवा. विजेच्या जाळ्याबाहेर असलेली कित्येक घरे डिझेलच्या पिंपावर आणि पाण्याच्या टँकरवर चालतात. तार तुटली, पण टँकरचा दोर घट्ट राहिला, तर त्या घरास मोकळे म्हणता येणार नाही. मी ‘स्वाधीन घर’ हा शब्द योजतो. आपल्या गरजा आपल्या हाती असलेल्या साधनांत बसविणारे ते स्वाधीन. या व्याख्येत गरज आधी येते आणि साधन मागून, म्हणून मला हा शब्द बरा वाटतो.

हुणसूरास राहून वाळवंटाविषयी लिहावे हे वाचकांस थोडे विचित्र वाटेल. येथून पश्चिमेस कोडगूच्या डोंगरांवर धो धो पाऊस पडतो. पूर्वेस म्हैसूरकडे जावे तसा तो झपाट्याने ओसरत जातो, आणि लक्ष्मणतीर्थ नदी उन्हाळ्यात आटते. हा प्रदेश वाळवंट नव्हे. परंतु तारेविना राहणे म्हणजे काय, हे पाहावयास येथून फार लांब जावे लागत नाही. नागरहोळेच्या अरण्याच्या कडेने जेनु कुरुबा लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांस इकडे ‘हाडी’ म्हणतात. अशा वस्त्यांत सौरदिवे येऊन आता बरीच वर्षे लोटली. जेथे ते दिवे टिकले, तेथे ते सांभाळणारे कोणी तरी जवळपास होते. जेथे नव्हते, तेथे घट मेला, दिवा विझला आणि छपरावरचा निळा पट्ट तेवढा आकाशाकडे पाहत राहिला. पट्टाचे आयुष्य पंचवीस वर्षांचे असते. साध्या शिसे-आम्ल घटाचे तीन ते पाच वर्षांचे. या दोन आयुष्यांतील अंतर कोण भरून काढणार, हा प्रश्न अरण्यात जसा आहे तसाच वाळवंटातही आहे.

वाटसरूसाठी छाया आणि पाणी यांची सोय करणे ही आपल्या देशातील अतिप्राचीन विद्या आहे. अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, विहिरी खणविल्या, विसाव्याची घरे आणि पाणपोया केल्या, हे त्याच्या स्तंभलेखात कोरलेले आहे. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील मानला जातो. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा या ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी चौसोपी निवासस्थाने बांधली, तळी आणि विहिरी खणविल्या, आणि तापी, दमण, डहाणू वगैरे नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा उभारल्या, असे त्यात नमूद आहे. प्रपा म्हणजे पाणपोई. आपला ‘पोई’ हा शब्द त्या ‘प्रपे’चाच झिजून उरलेला अंश. कन्नड भाषेत याच संस्थेला ‘अरवटिगे’ म्हणतात, आणि उन्हाळ्यात रस्त्याकडेला ती अजून दिसते. पश्चिम भारतातील लेण्यांच्या दानलेखांत ‘पोढी’ हा शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ पाण्याचे कोरीव टाके. लेणे दान करणारा पुष्कळदा पोढीही दान करी. कान्हेरीस गेलेल्या वाचकाने पाहिले असेल की, तेथे लेण्या-लेण्यागणिक टाकी आहेत. वरच्या कातळातून चर काढून पावसाचे पाणी त्यांत सोडले आहे. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवावयाचा आणि भिक्षूंची संख्या टाक्याच्या मापात ठेवावयाची, हा हिशेब ज्यांनी केला त्यांच्याजवळ विजेचा दिवा नव्हता. पण त्यांचे घर माझ्या अर्थाने स्वाधीन होते. सह्याद्रीतील गडांची गोष्ट निराळी नाही. गडावर किती माणूस राहू शकेल हे तटाच्या लांबीपेक्षा टाक्यांच्या खोलीवरून अधिक कळते.

आता वाळवंटाकडे वळू, आणि ते वाळवंट थरचे आहे असे धरू. जैसलमेरच्या परिसरात वर्षाचा सरासरी पाऊस २०० मिलिमीटरांहूनही कमी. तोही जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत, मोजक्या सरींत. दुष्काळी वर्षी त्याच्या निम्मासुद्धा पडत नाही. भूगर्भातील पाणी पुष्कळ ठिकाणी खारे, काही ठिकाणी फ्लोराइडयुक्त. उष्णतेविषयी सांगावयाचे तर फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. आणि हिवाळ्यात त्याच प्रदेशात रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो.

पावसाचे गणित फार सोपे आहे, आणि ते सोपे असल्यामुळेच कोणी करीत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपल्या पांथस्थगृहाचे छप्पर आणि त्यापुढील चुन्याने घोटलेले अंगण मिळून २०० चौरस मीटर जागा आहे असे समजा. वर्षाचा पाऊस १८० मिलिमीटर धरला आणि त्यातील पाचवा हिस्सा उडून, जिरून, वाहून जातो असे मानले, तर टाक्यात २८,८०० लिटर पाणी येईल. साडेतीन मीटर व्यासाचे आणि तीन मीटरांहून किंचित अधिक खोल असे गोल टाके त्यास पुरते. राजस्थानात अशी झाकलेली टाकी शेकडो वर्षे बांधली जात आहेत. त्यांच्याभोवती पाणी गोळा करणारे जे उतरते अंगण राखतात, त्यास तिकडे ‘आगोर’ म्हणतात, आणि आगोरात जोडे घालून जात नाहीत. या जलविद्येचे मनोज्ञ वर्णन अनुपम मिश्र यांनी १९९५ सालच्या ‘राजस्थान की रजत बूँदें’ या हिंदी ग्रंथात केले आहे. मराठी वाचकाने तो अवश्य पाहावा.

या २८,८०० लिटरांचे वाटेकरी कोण? घर सांभाळणारी दोन माणसे तेथे बारा महिने राहणार. त्यांस प्रत्येकी दररोज केवळ १० लिटर धरले तरी वर्षास ७,३०० लिटर लागतात. उरले सुमारे २१,५००. प्रवाशांचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे सुमारे १८० दिवस. वैशाखातील वाळवंटात हौशी प्रवाशास बोलावणे हे आतिथ्य नव्हे. तेव्हा पाहुण्यांच्या वाट्यास दररोज ११९ लिटर आले. आपल्याकडील नगररचनेत शहरातील माणसी रोजचे जे १३५ लिटरांचे प्रमाण धरतात, त्या प्रमाणाने हे पाणी एका पाहुण्यासही पुरत नाही. आठ पाहुण्यांनी शहराप्रमाणे पाणी वापरले, तर वर्षाचा सारा पाऊस वीस दिवसांत संपतो! माणसी २० लिटर या मर्यादेत राहिल्यास मात्र सहा पाहुण्यांची सोय होते. आणि पाऊस निम्मा पडला, तर? टाक्यात १४,४०० लिटर, राखणदारांचे वजा जाता ७,१००, दररोज ३९. म्हणजे दोन पाहुणे.

माझा सारा आग्रह या दोन आकड्यांच्या मधला आहे. सहा की दोन, हे कोण ठरविणार? आजची रीत अशी की, खाटांची संख्या आधी ठरते, मागणीवरून आणि भांडवलावरून. आणि जे पाणी कमी पडेल ते टँकरने आणले जाते. टँकरचे पाणी आकाशातून पडत नाही. ते कोणाच्या तरी विहिरीतून, कोणाच्या तरी नळातून, किंवा ज्या कालव्यावर लाखो लोकांची तहान अवलंबून आहे त्या कालव्यातून येते. राजस्थान कालव्याचा पाया १९५८ साली घातला गेला. पुढे त्यास इंदिरा गांधींचे नाव दिले गेले, आणि त्याच्या पाण्याने पश्चिम राजस्थानातील कित्येक गावांचे जीवन पालटले. परंतु दुरुस्तीसाठी कालवा बंद राहतो तेव्हा, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘नहरबंदी’ असते तेव्हा, त्याच गावांतून पुन्हा घागरींच्या रांगा लागतात. अशा दिवसांत शेजारच्या विलासी तंबूंत उष्णोदकाचे फवारे चालू असावेत, हे शास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात चूक म्हणून लिहिलेले नाही. पण माणसास ते चूक म्हणून ओळखता आले पाहिजे.

निसर्गाने येथे एक मोठी सोय करून ठेवली आहे आणि तिचा उपयोग कोणी करीत नाही. पाऊस हंगामाच्या आधी पडतो. सप्टेंबर संपला की टाक्यात किती पाणी आहे हे निश्चित झालेले असते. पुढचे नऊ महिने त्यात भर पडण्याचा संभव अत्यल्प. मग १ ऑक्टोबर रोजी खुणांची काठी टाक्यात सोडून पाणी मोजावे, आणि त्या वर्षी किती खाटा मांडावयाच्या ते त्यावरून ठरवावे. चांगल्या वर्षी सहा, मध्यम वर्षी चार, वाईट वर्षी दोन. शेतकरी पेरणी ठरविताना याहून निराळे काय करतो? जैसलमेरच्या पालीवाल ब्राह्मणांनी रूढ केलेल्या ‘खडीन’ या पद्धतीत उतारावरून येणारे पाणी बांधाने अडवून जमिनीत मुरवितात, आणि जेवढी ओल तेवढ्याच क्षेत्रात गहू-हरभरा पेरतात. पाहुणे हे पांथस्थगृहाचे पीक आहे असे म्हटले, तर पाहुण्यांनी रागावू नये.

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल की, माणसी वीस लिटरांत कोण राहील, आणि पैसे देऊन कोण राहील? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. वीस लिटर म्हणजे काय ते पाहू. पिण्यास चार, स्वयंपाकास चार, भांडी व हातपाय धुण्यास पाच, आणि उरलेल्या सातांत अर्धी बादली अंघोळ. शौचकूपात पाण्याचा लोट सोडावयाचा नाही, कारण अशा एका लोटास सहा ते दहा लिटर लागतात, म्हणजे एका माणसाचे दोन दिवसांचे पिण्याचे पाणी. लडाख हेही वाळवंटच, केवळ थंड. लेह येथे वर्षाचा पाऊस सुमारे १०० मिलिमीटर. तेथील जुन्या घरांत वरच्या मजल्यावर कोरडे शौचगृह असते. माती टाकावयाची, आणि खाली तयार झालेले खत शेतात न्यावयाचे. तेथील पर्यटन वाढल्यावर पाहुण्यांच्या निवासांत पाण्याचे शौचकूप आले आणि त्यामागोमाग कूपनलिका आल्या. थरमधील घराने ही चूक पुन्हा करण्याचे काही कारण नाही. राहिला प्रश्न पाहुण्याच्या सोशिकपणाचा. जे लोक रविवारी गडावर चढून टाक्याचे पाणी फडक्याने गाळून पितात आणि सोमवारी त्याच्या गोष्टी सांगतात, त्यांस अर्धी बादली पुरणार नाही असे मला वाटत नाही. मात्र त्यांस ते आधी सांगितले पाहिजे. पत्रकात वाळूच्या टेकड्यांचे चित्र आणि आत पाण्याची काटकसर, असे झाले की पाहुणा चिडतो, आणि त्याचे चिडणे योग्य असते.

पाण्याचा हा निर्णय झाला की बाकीचे बरेचसे निर्णय आपोआप होतात. उष्णतेचेच पाहा. वाळवंटातील कोरड्या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनाने उत्तम गारवा होतो. आपले रांजण आणि माठ त्याच तत्त्वावर चालतात, वाळ्याचे पडदेही. एक लिटर पाणी वाफ होऊन गेले की सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता ते सोबत घेऊन जाते. म्हणून ज्यास बाजारात ‘डेझर्ट कूलर’ म्हणतात ते यंत्र वाळवंटास अगदी अनुरूप, असे वाटते. पण ते तासास आठ लिटर पाणी प्याले, तर दहा तासांत ८० लिटर गेले. म्हणजे चार पाहुण्यांचा दिवसाचा वाटा एका खोलीच्या गारव्यात उडाला. वाळवंटाच्या नावाचे यंत्र वाळवंटासच परवडू नये, हा विनोद मला फार बोलका वाटतो. याउलट, ज्यास आपण चैनीचे म्हणून हिणवितो ते वातानुकूलन यंत्र पाणी मुळीच पीत नाही. ते वीज खाते, आणि वीज येथे सूर्य देतो, तीही ऐन उकाड्याच्या वेळी. एका लहान यंत्रास दुपारच्या पाच तासांसाठी सुमारे चार युनिटे लागतील; त्यासाठी एक किलोवॅटचा जादा पट्ट, म्हणजे सुमारे पाच चौरस मीटर जागा पुरे. शहरात काटकसर विजेची करावी. थरमध्ये ती पाण्याची करावी, आणि पाणी वाचत असेल तर वीज खुशाल खर्चावी.

अर्थात घर नीट बांधले तर ऑक्टोबर ते मार्च या हंगामात त्या यंत्राचीही गरज नाही. सोलापूरकडे आणि मराठवाड्यात माळवदाची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस जाड भिंतीचे महत्त्व सांगावयास नको. अर्धा मीटर जाडीच्या दगडी भिंतीतून उष्णतेची लाट आत पोहोचावयास दहा-बारा तास लागतात. म्हणजे दुपारचे ऊन मध्यरात्री आत येते, जेव्हा ते हवेहवेसे असते, आणि पहाटेचा गारवा दुपारी. हिवाळ्यात ही अदलाबदल फार सुखाची. उन्हाळ्यात मात्र मध्यरात्रीची ती ऊब नकोशी होते. म्हणून तिकडचे लोक गच्चीवर निजतात आणि घर रात्रभर उघडे टाकतात. जमिनीत तीन-चार मीटर खाली तापमान वर्षभर जवळजवळ सारखे राहते. टाके जमिनीत असावे ते केवळ पाणी झाकण्यासाठी नव्हे. त्याच्या शेजारी एक तळघर काढले तर धान्य, भाजी आणि विद्युत्घट यांस तेथे आश्रय मिळतो. छपरावर चुन्याचा पांढरा गिलावा द्यावा. सौरपट्ट छपरापासून हातभर उंच उभारावे. त्यांची सावली छपरास मिळते आणि खालून वाहणारी हवा पट्टांस मिळते. खिडक्या लहान, खोल आणि जाळीच्या. वाळूचे वादळ ज्या बाजूने येते तिकडे एकही नको. हे सारे जैसलमेरच्या पिवळ्या दगडाच्या हवेल्यांत आधीच आहे. नवी कल्पकता दाखविण्यास येथे फारसा वाव नाही, आणि नसावाच.

विजेचा हिशेब त्यामानाने हलका आहे. आठ-दहा एलईडी दिवे, कमी विजेवर चालणारे सहा पंखे, एक लहान शीतकपाट, टाक्यातून पाणी उचलणारा छोटा पंप आणि पाहुण्यांचे दूरध्वनी, या सर्वांस दिवसाकाठी साडेचार युनिटे पुरतात. दोन किलोवॅटचे पट्ट थरच्या उन्हात नावापुरती आठ युनिटे देतात. नावापुरती अशासाठी की, पट्टाची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. तो ६५ अंशांपर्यंत तापला की उत्पादन सहाव्या-सातव्या हिश्शाने घटते. पुष्कळांची समजूत असते की जितके ऊन कडक तितकी वीज अधिक. वस्तुतः पट्टास प्रकाश हवा, ताप नको. धुळीने आणखी घट होते. ती पाण्याने धुऊ नये, सूर्योदयापूर्वी मऊ कुंच्याने झाडावी. घटात साठवून पुन्हा काढताना काही जाते. सर्व वजा जाता साडेपाच युनिटे तरी हाती राहतात. घटांविषयी एकच सांगावयाचे: शिसे-आम्ल घट स्वस्त खरे, पण तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होत जाते. वाळवंटात ते पत्र्याच्या खोलीत ठेवणे म्हणजे त्यांस जाणूनबुजून मारणे. लोह-फॉस्फेटी लिथियम घट महाग पडले तरी अंती स्वस्त. मात्र तेही तळघरातच ठेवावे.

सौरविद्युतेचा पहिला व्यवहार्य सिलिकॉन घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला, तेव्हा तो पडणाऱ्या प्रकाशापैकी अवघा सहा टक्के भाग विजेत बदलीत असे. आजचे बाजारी पट्ट वीस टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. याच दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने सौरचूल तयार केली होती. ती घरोघर का रुजली नाही याचा विचार उपयोगी आहे. गृहिणीने भर दुपारी अंगणात उभे राहून स्वयंपाक करावा, आणि तोही सकाळ-संध्याकाळ चूल पेटविण्याची शतकांची सवय मोडून, ही अपेक्षा चूल तयार करणाऱ्यांनी केली होती; चुलीत दोष फारसा नव्हता. जेथे स्वयंपाक हे दिवसभराचे काम आहे आणि त्यासाठी माणसे नेमलेली आहेत, तेथे सूर्य उत्तम आचारी ठरतो. शिर्डीच्या साई संस्थानाच्या प्रसादालयात २००९ साली ७३ परावर्तक तबकड्या बसविल्या गेल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारोंचे अन्न शिजू लागले. पांथस्थगृहात दुपारी कोणी तरी असतेच. एक तबकडी त्यास पुरे.

खारे पाणी गोड करण्याचा मार्गही सूर्य दाखवितो. दक्षिण अमेरिकेत चिली देशातील आटाकामा वाळवंटात लास सालिनास येथे १८७२ साली चार्ल्स विल्सन या अभियंत्याने काचेच्या छपरांखाली खारे पाणी तापवून, त्याची वाफ थंड करून, दररोज वीस हजार लिटरांहून अधिक गोडे पाणी मिळविले होते. ते खाणींवर राबणाऱ्या खेचरांसाठी होते. परंतु या रीतीने एका चौरस मीटर काचेखाली दिवसास तीन-चार लिटरच मिळतात. दहा चौरस मीटरांच्या पेटीतून तीस-पस्तीस लिटर, म्हणजे दीड पाहुणा. मेहनत पाहता हा लाभ थोडा वाटेल. तथापि दुष्काळी वर्षी दोनाचे साडेतीन पाहुणे होतात, आणि पाण्यासाठी कोणाच्या दारी जावे लागत नाही. दाबाने पाणी गाळणारी नवी यंत्रे याहून वेगवान आहेत, पण ती आलेल्या पाण्यापैकी बराच भाग अधिक खारा करून बाहेर टाकतात, आणि तो कोठे टाकावयाचा हे त्यांच्या पुस्तिकेत सहसा दिलेले नसते.

येथवर यंत्रे आणि भिंती यांविषयी झाले. हे सारे सांभाळणारा मनुष्य कोण, हा हाडीतील विझलेल्या दिव्याचा प्रश्न अजून शिल्लक आहे. राजस्थानातच, अजमेर जिल्ह्यातील तिलोनिया येथे १९७२ साली बंकर रॉय यांनी सुरू केलेल्या संस्थेने ग्रामीण स्त्रियांस, त्यांतील कित्येकींस अक्षरओळखही नसता, सौरदिवे जोडणे व दुरुस्त करणे शिकविले. पुढे इतर देशांतील स्त्रियाही तेथे शिकून गेल्या. रंगीत तारांच्या खुणांनी आणि हातांच्या सवयीने हे शिक्षण होते. पांथस्थगृहाच्या उभारणीत पहिला खर्च शेजारच्या गावातील दोघींना अशा शिक्षणास पाठविण्याचा असावा. वाळवंटाच्या विकासाचे शास्त्रीय काम आपल्या देशात जोधपूरला १९५२ सालीच वनीकरण केंद्राच्या रूपाने सुरू झाले, आणि १९५९ साली तेथे केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्था आकारास आली. टाक्यांचे आकार, आगोराचे उतार, बोर आणि खेजडीची लागवड यांविषयीचे ज्ञान तेथे साठलेले आहे. ते इंग्रजीतून हिंदीत आणि मारवाडीत जितके उतरेल तितके बरे. माझ्या व्यवसायास हे शोभेसे मागणे आहे, पण ते केवळ व्यवसायाचे नाही. ज्या बाईने घट उघडावयाचा तिला घटावरची सूचना वाचता, निदान ऐकून समजता, आली पाहिजे.

गावाशी करावयाच्या कराराविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. पांथस्थगृह गावास काही देते: मजुरी, दूध-भाकरीचे पैसे, मुलांस बाहेरच्या जगाशी बोलण्याची संधी. म्हणून ते नकोच असे मी म्हणणार नाही. परंतु पाणी विकत घेण्याची पाळी आलीच, तर तो सौदा एका टँकरवाल्याशी गुपचूप होऊ नये. तो ग्रामसभेत, ठरलेल्या दराने आणि ठरलेल्या मापाने व्हावा, आणि नहरबंदीच्या दिवसांत तो आपोआप स्थगित व्हावा. ज्या वर्षी गावाच्या नाडीत, म्हणजे तळ्यात, पाणी नाही त्या वर्षी पाहुण्यांच्या अंगणातील टाके गावास उघडे असावे. पाहुणे त्या वर्षी दोनच असतील. राखणदारांस काम थोडे असेल. टाक्याच्या झाकणाची किल्ली कोणाकडे ठेवावयाची हे तेवढे आधी ठरवून कागदावर लिहून घ्यावे, आणि त्या कागदाची एक प्रत पंचायतीच्या कपाटात असावी.